हलकी गिरणी

जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीत धनपाल मगदूमचं औषधाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर. मध्ये फक्त एक पडदा. गिऱ्हाईक असो वा नसो, धनपालचा एक कान कायम त्या पडद्याकडे असायचा. आतून त्रिशलाची हाक आली की तो गिऱ्हाइकाला थांबायला सांगून आत जायचा, तिला खुर्चीवरून पलंगावर किंवा पलंगावरून न्हाणीत न्यायचा आणि पुन्हा गल्ल्यावर येऊन बसायचा. गिऱ्हाइकंही सरावली होती. कुणी कुरकुर करत नसे.

त्रिशलाला स्नायूंचा आजार होता. लग्नानंतर काही वर्षांनी जिना चढताना तिला कठडा लागू लागला, मग बसलेलं उठताना कुणाचा तरी हात. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येईना तेव्हा तिने नोकरी सोडली. मेंदू ठीक, नसा ठीक, फक्त स्नायू झिजत चाललेत आणि ते थांबवणारं औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधं विकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकणं फार जड गेलं. मूल होऊ द्यायचं नाही हे दोघांनी तेव्हाच ठरवलं.

मग धनपालने उचलण्याचं तंत्र शिकून घेतलं. एक हात काखेखालून, एक गुडघ्यांखालून, जोर कमरेचा नाही तर मांड्यांचा. तिचं अंग कुठे दुखतं, कुठल्या कुशीवर तिला श्वास मोकळा येतो, हे त्याच्या हातांना पाठ झालं होतं. तिची बहीण सांगलीहून चार दिवस मदतीला आली तर त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. बहिणीने उचललं की तो दारात उभा राहून चुका काढायचा. जैन बस्तीत दर्शनाला गेल्यावर, लग्नकार्यात बायका त्रिशलाला म्हणत, असा नवरा मिळायला नशीब लागतं. ती हसून मान हलवायची. धनपाल ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण ते वाक्य त्याला दोन-दोन दिवस पुरायचं.

इचलकरंजीच्या रस्त्यावर एक सूतगिरणी बरीच वर्षं बंद होती. उंच छताची ती शेड एका संशोधन संस्थेने घेतली आणि आत तांब्याची प्रचंड वेटोळी बसवली. पंचक्रोशीत लोक तिला हलकी गिरणी म्हणू लागले, कारण आत माणसाचं वजन उतरतं अशी बोलवा होती. धनपालला ती थाप वाटली. त्रिशलाने मात्र मोबाइलवर त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. संस्था स्नायूंचा आजार असलेल्यांना प्रयोगासाठी बोलावते आहे हे कळल्यावर तिने त्याला न विचारताच नाव नोंदवलं.

तिथल्या प्रमुख डॉ. यामिनी सबनीस भौतिकशास्त्राच्या होत्या, वैद्यकाच्या नव्हेत. पहिल्या भेटीत त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे शाळेतलं. त्या क्षेत्राच्या मुळाशी गणितात आणखी एक राशी असते, तिला विभव म्हणतात. बराच काळ शास्त्रज्ञांना ती निव्वळ हिशेबाची सोय वाटत होती. पुढे प्रयोगांत दिसलं, की जिथे चुंबकीय क्षेत्र शून्य आहे अशा जागेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनवरही विभवाचा परिणाम होतो. त्यावरून काही हट्टी मंडळींनी तर्क लढवला, की दोन उलट क्षेत्रांनी एकमेकांना शून्य केलं तरी विभव उरतं आणि त्याला ठरावीक लयीत हलवलं तर गुरुत्वाकर्षणावरही त्याचा परिणाम होतो. जाणकार या तर्काला हसत. सबनीसबाईही हसत. तो एकदाचा खोटा ठरवावा म्हणूनच त्या प्रयोगाला बसल्या होत्या आणि वेटोळ्याच्या मध्ये ठेवलेल्या तराजूचा काटा वर सरकला.

धनपालच्या चेहऱ्यावरून त्याला कळलेलं नाही हे बाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "असं समजा, एका दाराला दोन्ही बाजूंनी दोन पैलवान सारख्याच जोराने ढकलतायत. दार जागचं हलत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटेल, इथे काही घडतच नाही. पण त्या दाराच्या लाकडाला विचारा."

त्रिशला हसली. धनपालने विचारलं, यात धोका किती. बाई म्हणाल्या, हे का होतं ते मलाच पुरतं उमगलेलं नाही, म्हणून धोका नाही असं मी म्हणणार नाही. आत होकायंत्राची सुईसुद्धा हलत नाही, एवढं मात्र दाखवते.

शेडच्या भिंतींच्या कडेने फिरवलेल्या वेटोळ्याच्या आत एक मोठं गोल अंगण होतं. तिथपर्यंत एक लांब उतरण जायची. चाकाची खुर्ची ढकलत धनपाल त्या उतरणीवरून निघाला तसं त्याला पोटात कालवल्यासारखं झालं, जत्रेतला पाळणा खाली येताना होतं तसं. अंगणात पोचेपर्यंत त्याचे खांदे आपोआप वर आले होते. आत माणसाचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येत असे.

त्रिशलाने खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. धनपाल सवयीने वाकला, एक हात तिच्या काखेखाली घालायला. तोवर ती उभी राहिली होती. ती थोडी डोलली, शेजारच्या परिचारिकेकडे तिने पाहिलंही नाही, आणि मग एक पाऊल टाकलं. मग दुसरं. धनपालला रडू कोसळलं. डोळे पुसून तो पाहतो तर ती अंगणाच्या पलीकडच्या टोकाला पोचली होती आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीबाहेरचा ऊस बघत होती. तिने वळून पाहावं अशी त्याची फार इच्छा होती. तिने पाहिलं, पण जरा वेळाने.

दर आठवड्याला गिरणीत जायचं ठरलं. इतर रुग्णांमध्ये सदानंद साळोखे म्हणून एक गृहस्थ होते, एसटीत कंडक्टर होते, याच आजाराने लवकर निवृत्त झालेले. मोठ्या आवाजाचा, बोलका माणूस. बायको वारलेली. उतरण संपली की ते "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे" असं ओरडत आत शिरायचे आणि सगळे हसायचे. त्रिशला सर्वांत जास्त हसायची. एवढं हसताना धनपालने तिला कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. घरी हसताना तिला दम लागायचा.

ती दोघं बॅडमिंटन खेळू लागली. धनपाल भिंतीला टेकून बाकावर बसायचा. साळोखेंनी मुद्दाम सोपं फूल टाकलं की त्याच्या ते लक्षात यायचं आणि अवघड टाकलं तरी राग यायचा. साळोखे तिला "मगदूमबाई" म्हणायचे, अदबीने, त्यामुळे आक्षेप घ्यायलाही जागा नव्हती.

एकदा खेळ संपल्यावर ती घामाघूम होऊन त्याच्याजवळ आली. "उठा," म्हणाली. तो उठला तर तिने त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला आणि त्याला चक्क जमिनीवरून उचललं. पाय वीतभर वर. तिच्या दंडांमध्ये उरलीसुरली जी काही ताकद होती ती तिथे पुरत होती. साळोखेंनी टाळ्या वाजवल्या, परिचारिकांनी वाजवल्या, सबनीसबाईसुद्धा हसत होत्या. त्रिशलाचा चेहरा नुसता फुलून आला होता. धनपालही हसला. पण त्याचे कान तापले होते आणि पाय टेकेपर्यंतचा तो वेळ त्याला संपता संपेना.

परतताना व्हॅनमध्ये ती बोलत होती, तो हं-हं करत होता. घरी आल्यावर तिचं वजन पुन्हा तिच्या अंगावर येऊन बसलं होतं. तिने हाक मारली तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. तरी तो लगेच उठला नाही. दोन खोकी इकडची तिकडे केली, मग आत गेला.

आपण हे का केलं, ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही नंतर असं बरेचदा झालं. व्हॅनवाला येणार नाही म्हणतो, असं त्याने एकदा खोटंच सांगितलं. एकदा तिला बारीक कणकण होती, ती त्याने वाढवून सांगितली आणि जाणं रद्द केलं. त्या दिवशी त्याने तिच्यासाठी शिरा केला, पाय चेपून दिले, जुन्या गोष्टी काढल्या. ती मऊपणे बोलत राहिली, पण तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. आत्ता तिकडे खेळ सुरू झाला असेल, असा विचार तिच्या मनात चालला आहे हे त्याला दिसत होतं. आपण एका माणसावर जळतोय की एका शेडवर, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं.

त्या वर्षी थंडीत तिचा आजार छातीशी पोचला. आडवं झालं की पोटातल्या अवयवांचा भार श्वासाच्या पडद्यावर येतो आणि तो पडदा म्हणजेही शेवटी एक स्नायूच. ती पाठीशी उशा रचून बसून झोपू लागली. ती घरी असताना धनपाल तिच्या तपासणीचे कागद घेऊन एकटाच गिरणीत गेला, तेव्हा सबनीसबाईंनी त्याला खोलीत बोलावून घेतलं.

अंगणाला लागून राहण्याच्या खोल्या बांधून झाल्या होत्या. तिथेही तेच, तिसऱ्या हिश्श्याचं वजन. त्रिशला तिथे राहिली तर तिचा श्वास आणखी कित्येक वर्षं चालू शकतो, असं छातीच्या डॉक्टरांचं मत होतं. बाहेर राहिली तर त्यांना फार आशा नव्हती.

"पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी," बाई म्हणाल्या. "शरीराला कमी वजनाची सवय लागते. आणखी काही महिन्यांनी तिचं हृदय आणि छाती तेवढ्यापुरतीच उरतील. मग तिला घरी नेता येणार नाही. कधीच. तुम्ही रोज येऊ शकता. निरोगी माणसाला मात्र आत राहू देत नाही, त्याचीही ताकद जाते. दोघं बसून बोला आणि मला कळवा."

धनपाल बसथांब्यापर्यंत चालत आला आणि बस सोडून तिथेच बसून राहिला. राहण्यासाठी निवडलेल्यांत साळोखेंचंही नाव होतं, हे त्याने जाता जाता विचारून घेतलं होतं.

घरी आल्यावर त्रिशलाने विचारलं, काय म्हणाल्या बाई. त्याने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. म्हणाला, "राहायच्या खोल्यांत जागा नाही म्हणे. आजार एवढा पुढे गेलेल्यांना घेत नाहीत. खेळायलाही आता नको म्हणाल्या, झेपायचं नाही."

मग तिनेच त्याची समजूत काढली. वाईट वाटून घेऊ नका, आपलं काय वाईट चाललंय, तुम्ही आहात ना, असं काहीबाही बोलली. धनपालने मान खाली घालून ऐकलं. गिरणीत त्याने कळवलं, की तिला विचार करायला वेळ हवा आहे.

पुढचे काही आठवडे त्याने तिची जी सेवा केली तिला तोड नव्हती. दुकान अर्धा दिवस बंद ठेवू लागला. तिच्या तोंडून शब्द निघायच्या आधी वस्तू हजर. ती पूर्णपणे त्याच्या हातात होती आणि त्याला आतून एक प्रकारचं समाधान वाटत होतं. वाक्य पुरं करताना मध्येच तिला थांबून श्वास घ्यावा लागे, तेव्हा ते समाधान भीतीने काळवंडून जाई. आज सांगू, उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणायचा.

सांगायची वेळ आलीच नाही. एका दुपारी तो गल्ल्यावर होता आणि पडद्यामागे तिचा मोबाइल वाजला. साळोखेंचा दणदणीत आवाज दुकानापर्यंत आला. ते तिथे राहायला गेले होते. म्हणत होते, "मगदूमबाई, किती विचार करताय? सबनीसबाईंनी तुमची खोली माझ्या पलीकडची राखून ठेवलीय. उसाकडची खिडकी आहे, या लवकर."

त्रिशला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग हाक आली, नेहमीच्याच आवाजात. धनपाल एका म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध देत होता. ते त्याने दिलं, सुटे पैसे परत केले आणि आत गेला.

"खोली होती?" तिने विचारलं.

"होती."

"मग?"

त्याने बऱ्याच सबबी तयार ठेवल्या होत्या. त्यातली एकही बाहेर आली नाही. "तिथे गेलीस की तू माझी उरत नाहीस," तो म्हणाला. "मी बाकावर बसलेला असतो. तुला माझं काही कामच नसतं. त्या साळोखेंचंही तुला माझ्यापेक्षा जास्त काम असतं."

ती श्वासासाठी थांबली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "साळोखे चांगला माणूस आहे, तेवढंच," ती म्हणाली. "अहो, तुम्ही मला पाण्याचा पेला देता तेव्हा मी तुमच्याकडे बघून हसते. प्रत्येक वेळी हसते. कंटाळा आला तरी, दुखत असलं तरी. एवढ्या वर्षांत मी एक घोट पाणी तुमचे आभार न मानता प्यायले नाही. तिथे मी नळ सोडते आणि पिते. मला तेवढंच हवंय."

धनपाल पलंगाच्या कडेवर बसला. ती त्याच्याकडे बघत होती आणि या वेळी हसत नव्हती. दुकानात कुणीतरी येऊन हाका मारून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच व्हॅन बोलावली.

ती तिथे रमली. संस्थेत काम करणाऱ्यांच्या मुलींना भूगोल शिकवू लागली, उभं राहून, फळ्याच्या अगदी वरच्या टोकापासून लिहीत. धनपाल रोज दुकान बंद करून जायचा. दोघं खिडकीशी बसून चहा प्यायची, चहा ती करायची. त्याला अपराधी वाटेल असं ती कधीच बोलली नाही. पण त्या खोट्याने दोघांमध्ये एक जागा रिकामी केली होती आणि ती जागा दोघं जपून ओलांडत. साळोखेंचं हसणं भिंतीपलीकडून यायचं. ते ऐकलं की धनपालचं जळणं अजूनही जागं व्हायचं. ते गेलं नाही. ते आता जाणार नाही असं धरूनच तो येत होता.

मार्चमध्ये वेटोळं थंड ठेवणाऱ्या नळीला गळती लागली. दुरुस्तीसाठी वीज पूर्ण बंद करायला हवी होती, सकाळपासून दुपारपर्यंत. आत राहणाऱ्यांना तेवढा वेळ पूर्ण वजनात काढावा लागणार होता. श्वासाची यंत्रं मागवली, डॉक्टर आले आणि प्रत्येकाच्या नातेवाइकांना बोलावलं, कारण सतत कुशी बदलायला, उशा सावरायला माणसं पुरणार नव्हती. निरोप मिळाल्याबरोबर धनपालच्या मनात पहिली जी गोष्ट उमटली ती आनंदाची होती. त्याची त्यालाच शरम वाटली, पण उमटली खरी.

वीज हळूहळू उतरवली. त्रिशला पलंगावर टेकून बसली होती. तिचे खांदे खचत गेले, मान एका बाजूला कलली, गालसुद्धा खाली ओढल्यासारखे झाले. तोंडावरच्या मुखवट्यातून यंत्र हवा ढकलत होतं. धनपालने तिला आपल्या डाव्या दंडावर घेतलं. किती महिन्यांनी तिचं पुरतं वजन त्याच्या हातात आलं होतं. त्याचे हात काही विसरले नव्हते. आणि तिचे डोळे मोठे होऊन वर छताकडे लागले होते, पाण्याखाली बुडालेल्या माणसासारखे. या वजनासाठी आपण झुरत होतो, त्याला वाटलं, ते हे असं आहे.

तिने बोट हलवून मुखवटा बाजूला करायला सांगितलं. "साळोखेंकडे कुणी आलं नाही," ती म्हणाली. "त्यांचा भाऊ येणार होता. त्यांना कुशीवर घ्यायला हवंय. आवाज येतोय बघा."

भिंतीपलीकडून घरघर येत होती. धनपाल हलला नाही. आत्ताही हिला माझ्याऐवजी त्याची काळजी, हे त्याच्या डोक्यात आलंच. तिने दुसऱ्यांदा काही म्हटलं नाही, तेवढा श्वासही तिच्याकडे नव्हता. तिचा मुखवटा पुन्हा चढवून, परिचारिकेला तिच्याजवळ बसवून तो पलीकडे गेला.

साळोखे पाठीवर सपाट पडले होते, मुखवटा सरकलेला, ओठ निळसर. मोठ्या आवाजाच्या माणसाच्या घशातून शब्द फुटत नव्हता. धनपालने मुखवटा नीट बसवला, एक हात काखेखालून घातला, एक गुडघ्यांखालून आणि जोर मांड्यांवर घेऊन त्यांना कुशीवर वळवलं, पाठीशी उशा दिल्या. माणूस चांगलाच जड होता. घरघर कमी झाली. साळोखेंनी त्याचं मनगट धरलं, बोटांत जोर नव्हता, नुसती ठेवली होती. त्यांचा श्वास लयीत येईपर्यंत धनपाल तसाच उभा राहिला. नंतरही तो दोन्ही खोल्यांत येरझारा घालत राहिला. एकाची कूस बदलायची, मग दुसऱ्याची.

दुरुस्ती ठरल्यापेक्षा लांबली. दुपार कलली तरी वीज आली नव्हती. त्रिशलाच्या कपाळावर थंड घाम आला होता. डॉक्टर दोनदा येऊन नाडी बघून गेले. तिचं डोकं दंडावर घेऊन बसलेला धनपाल आता एकच गोष्ट मागत होता. कुणाकडे मागत होता ते त्याला सांगता आलं नसतं. हिचं हे वजन माझ्याकडून घे, तो मनात म्हणत होता, लवकर घे.

शेडमध्ये कुठेतरी बारीक गुणगुण सुरू झाली. पहिल्यांदा त्याला भास वाटला. मग दंडावरचा भार किंचित सैल झाला. आणखी सैल. तिची मान सरळ झाली, छाती मोकळेपणी वर आली. तिचं वजन त्याच्या हातातून निसटून चाललं होतं आणि ते धरून ठेवायला त्याने काही केलं नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच मुखवटा काढला.

"हात काढा आता," ती म्हणाली. "अवघडला असेल."

त्याने हात काढला. ती उठून बसली, पाय खाली सोडले आणि भिंत धरत पलीकडे गेली, साळोखे कसे आहेत ते बघायला. धनपालच्या छातीत ती ओळखीची कळ आली. तो दंड चोळत बसून राहिला. पलीकडून आधी साळोखेंचा खोकला ऐकू आला, मग तिचं हसणं, लांब, न थांबता, दम न लागता. धनपालने ते शेवटपर्यंत ऐकलं.